वसंताचं डोकं, माझं डोकं

आमच्या घरात वसंताचं डोकं दुखायला लागलं की जातं थांबायचं. अर्धवट भरडलेली जवारी तशीच जात्याच्या तोंडात ठेवून आई उठायची, हात पदराला पुसायची आणि माजघराचं दार ओढून घ्यायची. माजघराला खिडकी नव्हती. धान्याच्या कणग्यांमागं जी अंधारी जागा होती तिथं वाकळ अंथरून वसंताला निजवायचं, कपाळावर ओल्या धडप्याची घडी ठेवायची आणि मग सगळ्या घरानं दबक्या पावलांनी चालायचं. दादा, म्हणजे आमचे वडील, रानातून आले की वहाणा उंबऱ्याबाहेर काढून हातात घेऊन आत यायचे. एरवी जिच्या आवाजानं अख्खी गल्ली उठायची ती आत्याबाई खाणाखुणांनी बोलायला लागायची. आत्याबाई ही दादांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला लागल्या. नळदुर्गात आमचं घर सडकेपासून थोडं आत होतं. सोलापूरहून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचा घरघराट दिवसभर ऐकू यायचा. ते ट्रक थांबवता आले असते तर आत्याबाईनं वसंतासाठी तेही थांबवले असते, याबद्दल मला आजही शंका नाही.

वसंता माझा भाऊ, माझ्याहून थोडा मोठा. तालमीत जायचा, अंगानं भरलेला, कान मातीत घासून घासून जाड झालेले. दोन-चार जोड्या लढून आला आणि ऊनही कडक असलं की घरी येईतो त्याच्या डोळ्यांपुढं काहीतरी चमकायला लागायचं. करवतीच्या दातांसारखी उजेडाची रेघ, आधी बारीक, मग मोठी मोठी होत जाणारी. समोरच्या माणसाचं अर्धं तोंडच दिसेनासं व्हायचं. रेघ गेली की अर्धं डोकं ठणकायला लागायचं, मग मळमळ, मग उलट्या, आणि संध्याकाळपर्यंत तो तालमीतला गडी उशीत तोंड खुपसून लहान पोरासारखा कण्हत पडायचा. हे सगळं मला माहीत, कारण त्याचं डोकं दाबायचं काम माझ्याकडं होतं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत दादा स्टँडजवळच्या हॉटेलात जायचे. तिथं ट्रकवाल्यांसाठी भल्या पहाटे जिलबीचा घाणा निघायचा. गरम जिलबी आणि दूध, सूर्याचं तोंड बघायच्या आत, कुणाशी न बोलता खायचं, म्हणजे अर्धशिशी उतरते, असा सगळ्यांचा पक्का विश्वास. वसंता मोठ्या दुःखी चेहऱ्यानं ती जिलबी खायचा. मला पुड्याचा कागद मिळायचा, पाक लागलेला.

आणखी एक गोष्ट होती. वसंताचं डोकं दुखतं हे उंबऱ्याच्या बाहेर सांगायचं नाही. गल्लीत कुणी विचारलं तर ‘तालमीतनं दमून आलाय, झोपलाय’ असं सांगायचं. पैलवानाचं डोकं दुखतं हे कळलं तर समोरचा गडी मानेवर आणि डोक्यावरच डाव टाकील, वस्ताद चांगली जोड लावणार नाहीत, जत्रेच्या कुस्तीत नाव निघणार नाही, असं आत्याबाईचं म्हणणं. आम्ही सगळ्यांनी ते डोळ्यांत तेल घालून जपलं. मीही जपलं. आता हसू येतं, पण तेव्हा मला ते गुपित सांभाळण्याचा अभिमान वाटायचा.

निजाम गेला, आपला भाग आधी इकडं आणि मग तिकडं जोडला गेला, त्या धामधुमीत आमच्या शाळेत सोलापूरकडचे एक ड्रिलमास्तर आले. आधीच्या मास्तरांची कवायत उर्दूत चालायची. ह्यांनी ती मराठीत आणली, आणि त्याबरोबर एक नवीन खूळ आणलं, ते म्हणजे मुलींचा खो-खो. शाळेत मुली मूठभर. त्यातल्या निम्म्यांच्या घरून नकार आला. दादांनी मला कसं जाऊ दिलं कुणास ठाऊक. बहुधा त्यांना वाटलं असावं की पोरींचा खेळ म्हणजे फुगडीसारखंच काहीतरी असेल. परकराचा काचा मारून मी पहिल्यांदा मैदानात उतरले त्या दिवसाचं सुख मी कुणाला सांगूनही कळणार नाही. किल्ल्याच्या तटाची सावली दुपारी मैदानाच्या कडेपर्यंत यायची आणि तिथंच थबकायची, आम्ही उन्हात. पाठीवर खो बसला की मी सुटायची. वाकून झुकांडी द्यायची, खांबाला हात घालून गर्रकन वळायची, आणि समोरच्या पोरीच्या ध्यानात यायच्या आत तिच्या पाठीला माझी बोटं लागलेली असायची. घरी मी भांडी घासणारी, शेण काढणारी, डोकं दाबणारी कमळी होते. मैदानावर मी कुणीतरी वेगळीच होते. मास्तर ओरडायचे, ‘कमळ, सूर मार!’ आणि मी खरंच सूर मारायची, गुडघ्यांची साल निघाली तरी.

आणि मग एका दुपारी मैदानावरून घरी येताना मला करवतीचे दात दिसले.

मी घाबरले नाही, कारण मला ते ओळखीचे होते. वसंताच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेलं. मला उलट बरंच वाटलं, की आता घरात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मी सरळ माजघरात गेले आणि कणग्यांमागं आडवी झाले. आत्याबाईनं दार सताड उघडलं.

‘काय गं, दिवसाढवळ्या काय निजलीस?’

‘डोकं दुखायलंय, आत्याबाई. चमकायलंय. वसंतावाणी.’

‘वसंतावाणी म्हणं! त्यो कुस्त्या करतो. तू काय केलीस? हुंदडून आलीस आन् आता भाकरी कराया नगं म्हणून सोंग. ऊठ.’

मी उठले. उठून चुलीपुढं बसले. ओल्या तुऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत जात होता, आणि प्रत्येक भाकरी थापताना होणारा तो थपथप आवाज माझ्याच डोक्याच्या आत होत होता. मधेच उठून परसात जाऊन ओकून आले आणि पुन्हा भाकऱ्या थापल्या. आई माझ्याकडं बघत होती. तिला कळत होतं. तिनं नजरेनंच मला ‘थांब, होईल बरं’ असं सांगितलं आणि काटवटीत आणखी पीठ घातलं. आईचा मला कधी राग आला नाही असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही. आला होता, आणि आजही येतो.

मग हे दर काही दिवसांनी व्हायला लागलं. खूप पळाले, ऊन असलं, पाणी कमी पडलं, की ठरलेलं. माझी नात आता पुण्यात बॅडमिंटन खेळते. तिलाही आहे हे. मायग्रेन म्हणतात म्हणे. तिच्या पिशवीत गोळी असते, पाण्याची बाटली असते. ती खेळायच्या आधी काय खायचं, किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि ती खेळते. परवा ती सहज म्हणाली, ‘आजी, तुमच्या वेळी काय करायचे?’ मी म्हटलं, ‘आमच्या वेळी भाकऱ्या करायचे.’ तिला वाटलं मी गंमत करते आहे.

दिवाळीनंतर धाराशिवला जिल्ह्याच्या शाळांचे सामने भरणार असं ठरलं. सरकारी कागदावर उस्मानाबाद, आमच्या बोलण्यात धाराशिवच. मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच जाणार होता आणि मास्तरांनी माझं नाव सगळ्यात आधी घेतलं. घरी सांगायला ते स्वतः आले. ओसरीवर बसून चहा घेतला आणि दादांना म्हणाले, ‘तुमची मुलगी नसेल तर मी संघच नेत नाही.’ दादा सुपारी कातरत राहिले. कातरून झाल्यावर म्हणाले, ‘संग बाईमाणूस हाय का कुणी?’ हेडमास्तरांची मंडळी सोबत येणार होती. ‘मग जाऊ द्या,’ दादा म्हणाले. आत्याबाई आतून कडाडली नाही हे नवलच. मी त्या दिवशी विहिरीवर जाताना घागर डोक्यावर घेऊन पळत गेले. मला दुसरं काही नको होतं. धाराशिवच्या मैदानावर, न ओळखणाऱ्या लोकांसमोर, एकदा मनसोक्त पळायचं होतं.

निघायच्या आधी मास्तरांनी शेवटचा सराव भर दुपारी घेतला. मुलांच्या संघाविरुद्ध खेळवलं आम्हाला. आम्ही जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही, कारण शेवटच्या डावातच खांबाशी वळताना मला खांबाचा अर्धा भाग दिसेनासा झाला. घरापर्यंत पोचेन असं वाटलं होतं. पोचले नाही. गल्लीच्या तोंडाशी हापशावर बायका पाणी भरत होत्या आणि तिथंच मी गटाराच्या कडेला बसून भडाभडा ओकले. परकराचा काचा तसाच, केस सुटलेले, डोळे उजेडानं मिटलेले. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. ती गोदाकाकू होती, आमच्या शेजारची. मायेनं हात फिरवत होती असं मला वाटलं.

‘कवापासनं व्हायलंय गं असं?’ तिनं विचारलं.

‘लई दिसांपासनं,’ मी म्हटलं. खरंच सांगितलं मी. मला डोक्याबद्दल विचारतेय असंच वाटलं.

गोदाकाकूनं हात काढून घेतला. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. लग्न न झालेली, वयात आलेली, उन्हातान्हात पुरुष मास्तराच्या शिट्टीवर पळणारी पोरगी, आणि लई दिसांपासनं उलट्या. मला काय कळणार होतं? मी तोंड धुतलं आणि घरी गेले. पण माझ्याआधी ती गोष्ट घरी पोचली होती. त्या रात्री मला कुणी जेवायला हाक मारली नाही. आईच्या आणि आत्याबाईच्या कुजबुजीत माझं नाव मधूनमधून यायचं, आणि मी गेले की दोघी गप्प व्हायच्या. दुसऱ्या दिवशी हापशावर मी गेले तर बायकांनी माझ्या पोटाकडं बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, ही आग विझवायला काय लागत होतं? एक वाक्य. ‘डोकं दुखतं तिचं, आमच्या वसंताचंबी असंच दुखतं, त्यालाबी उलट्या हुत्यात.’ बस्स. आत्याबाईनं हापशावर उभं राहून एवढं म्हटलं असतं तर बायका दुसऱ्या विषयाकडं वळल्या असत्या. पण पौषात खंडोबाची जत्रा होती, कुस्त्या होत्या, वसंताची जोड लागायची होती. ते वाक्य कुणी म्हणणार नव्हतं.

त्याऐवजी मला हकीमसाहेबांकडं नेलं. स्टँडच्या मागं त्यांचा दवाखाना, काचेच्या बरण्यांची रांग, बाकावर नंबर लावून बसलेली माणसं. आत्याबाई, आई, मी, आणि सोबत पुरुषमाणूस हवं म्हणून वसंता. बाकावर नेमकी गोदाकाकूही होती, गुडघ्याचं औषध न्यायला आलेली. हकीमसाहेब म्हातारे, पांढरी दाढी, आमच्या आजोबांपासून सगळं घर त्यांना माहीत. त्यांनी माझी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि विचारलं, ‘बेटी, दुखायच्या आधी चमकतंय का काई?’

‘व्हय. करवतीवानी.’

‘मग निम्मं डोकं? मग उलटी? झोपलं की बरं?’

‘व्हय, व्हय.’

ते हसले. ‘ये तो आधासीसी है. घाबरू नका. धूप में दौडना, पाणी न पिणं, उपाशी ऱ्हाणं, त्यानं येती. सकाळी खेळू द्या, पाणी पाजा, गुळाचा खडा तोंडात ठेवा.’ मग आत्याबाईकडं वळून म्हणाले, ‘ही चीज खानदानी असती बघा. घरात आणखी कुणाला हाय का?’

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेच. विचारलंच की शेवटी कुणीतरी. आता आत्याबाई सांगेल, गोदाकाकू ऐकेल, आणि मी धाराशिवला जाईन.

‘न्हाय,’ आत्याबाई म्हणाली. ‘आमच्या घरात असलं कुनालाच न्हाय.’

मी आईकडं बघितलं. आई पदराच्या काठाचा दोरा ओढत होती. मी वसंताकडं बघितलं. त्याच्या कपाळाला माझी बोटं पाठ होती. त्याच्या डाव्या भुवईच्या वर कुठं दाबलं की तो ‘हां, तिथंच’ म्हणतो ते मला ठाऊक होतं. तो बरण्यांकडं बघत होता, जणू त्यांवरची उर्दू अक्षरं त्याला वाचता येत होती.

‘वसंताचंबी दुखतंय की!’ मी म्हटलं.

‘गप गं!’ आत्याबाईनं माझं मनगट आवळलं. ‘तिला घेरी यायलीय कालपासनं, हकीमसाब, काहीबी बरळायलीय. ह्यो पैलवान गडी, ह्याचं कशाला दुखंल?’

हकीमसाहेबांनी वसंताकडं बघितलं. वसंता म्हणाला, ‘न्हाय.’

एवढंच. ‘न्हाय.’ आणि मग हकीमसाहेबांच्या कपाळाला आठी पडली, आणि ते सावकाश, माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘घरात कुणालाच नाई, तर मग... सोलापुरात जनाना दवाखाना हाय. एकदा दाखवून घ्या. म्हणजे शक नको.’

बाकावर गोदाकाकू गुडघा चोळायची थांबली होती. माझ्या भावाचं डोकं वाचवायला बोललेल्या त्या खोट्यानं माझ्या माथी काय मारलं, हे आमच्या घरच्या तिघांनाही कळलं, आणि तरी कुणी ते मागं घेतलं नाही. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी ह्या एका गोष्टीवर निवळले नाही आणि निवळायची इच्छाही नाही.

घरी आल्यावर आत्याबाईनं दिवा लावला आणि बिब्बा काढला. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल फुटतं. ते दुखऱ्या जागी लावतात, कातडं भाजून डाग उठतो. दुखण्यावर बिब्बा घालणं आमच्याकडं नवं नव्हतं. गुडघ्याला, पाठीला घालायचे. पण तोंडावर, पोरीच्या तोंडावर, मी कधी बघितलं नव्हतं. वसंताला तर इतकी वर्षं डोकेदुखी, त्याच्यासाठी कधी बिब्ब्याचं नाव काढलं नव्हतं.

आई पहिल्यांदा बोलली. ‘वन्सं, तोंडावर नगा. उद्या बघाया येत्याल कुणी.’

‘तोंडावरच पायजे,’ आत्याबाई म्हणाली. ‘लोकान्ला दिसू दे. कानशिलावर बिब्बा बघितला की कळंल समद्यान्ला, डोकंच दुखत हुतं म्हणून. हकीमाच्या तोंडानं काय गेलं ते गावभर व्हायच्या आत.’

म्हणजे ते औषध नव्हतं. तो माझ्या चारित्र्याचा दाखला होता, माझ्याच कातड्यावर लिहिलेला. दोघींनी मला धरलं. वसंता बाहेर ओसरीवर होता. मी किंचाळले तेव्हा तो उठून तालमीत निघून गेला. दादा रानात होते. ते आले तेव्हा दोन्ही कानशिलांना काळे ठिपके होते, आणि त्यांनी फक्त विचारलं, ‘उतायचा न्हाय ना?’

पण तो उतला. बिब्बा काहींच्या अंगाला सोसत नाही. माझ्या नाही सोसला. सकाळपर्यंत तोंड सुजून भोपळा झालं, उजवा डोळा मिटला, गालापर्यंत पाणी भरलेले फोड. आईनं खोबरं चावून चावून लावलं, तीळ वाटून लावले. डोकं दुखायचं कधीच थांबलं होतं, आता तोंडाची आग. आणि त्याच सकाळी आमच्या गल्लीतून संघाच्या मुली स्टँडकडं गेल्या. त्यांनी दारातून हाका मारल्या. ‘कमळ, ए कमळ, गाडी सुटंल!’ आत्याबाईनं दार न उघडता सांगितलं, ‘तिला बरं न्हाय.’ थोड्या वेळानं स्टँडवरून मोटारीचा भोंगा ऐकू आला. संघ पहिल्याच सामन्यात हरून परत आला. मास्तर मला भेटायला आले नाहीत. पोरीच्या दुखण्याबद्दल गावात काय बोललं जातंय ते त्यांच्याही कानावर गेलं असणार आणि त्यांना आपली नोकरी होती. माझी शाळाही बंद झाली. तोंड बरं होईपर्यंत असं आधी म्हणाले, आणि तोंड बरं झालं तरी कुणी शाळेचं नाव काढेना.

वसंतानं एक केलं. त्या आठवड्यात त्याचं डोकं दुखलं आणि पहाटे त्याला जिलबी आली, तेव्हा त्यातली अर्धी त्यानं माझ्या उशाशी आणून ठेवली. मी ती खाल्ली. राग होताच, पण जिलबी टाकून देण्याइतका पोक्त राग माझ्यापाशी तेव्हा नव्हता.

पौषात जत्रा भरली. वसंताची जोड अणदूरकडच्या एका नावाजलेल्या गड्याशी लागली आणि त्यानं त्याला चितपट केलं. हलगी वाजत, फेटा बांधून, खांद्यावर बसवून लोकांनी त्याला गल्लीपर्यंत आणलं. मी दारातूनच बघत होते. फेट्याखालचा त्याचा चेहरा बघितला आणि मला लगेच कळलं. तो हसत होता, पण एका बाजूचे लोक त्याला दिसत नव्हते. मान थोडी वळवून वळवून बघत होता. लोक पांगले तसा तो भिंत धरत आत आला आणि कणग्यांमागं कोसळला. ‘कमे, दाब,’ म्हणाला. आईनं दार लावलं. मी दाबायला बसले. हो, बसले. सवय म्हणतात तिला.

दिवस मावळायच्या सुमाराला गल्लीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या, पैलवानाला ओवाळायला. पुढं गोदाकाकू. ताटात निरांजन, हळदकुंकू, साखर. आत्याबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. ‘दमलाय गं लेकरू, झोपलाय. सकाळी या.’ बायका म्हणाल्या, ‘नुसतं ओवाळून जाताव की, उठवत न्हाय.’ आत वसंताला उमासा आला. मी घमेलं पुढं केलं आणि तो ओकला, मोठ्यांदा, आतडी पिळवटून ओकला. आत्याबाई दारात खोटं खोटं खोकली, आवाज झाकायला.

ते खोकणं ऐकून माझं टाळकं सरकलं. मी घमेलं खाली ठेवलं, उठले, माजघराचं दार सताड उघडलं आणि आत्याबाईच्या काखेखालून बायकांना म्हटलं, ‘या की काकू, ओवाळा. वसंताला उलट्या व्हायल्यात. कवापासनं व्हायलंय ते त्यालाबी इचारा की!’

निरांजनाचा उजेड थेट त्याच्या तोंडावर पडला. गावानं खांद्यावर मिरवलेला गडी, फेटा सुटून गळ्यात आलेला, घमेल्यावर ओणवा. मागच्या एका तरण्या सुनेला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. आत्याबाईनं माझ्या कानशिलात जाळ काढला, नेमका बिब्ब्याच्या जागेवर. मी रडले नाही. ‘लहानपणापासनं हाय त्याला,’ मी म्हटलं, ‘माज्यावाणीच. मी सांगितलं हुतं हकीमसाबला.’

‘कमे,’ आतून वसंताचा क्षीण आवाज आला. ‘दार लाव गं. उजेड खुपायलाय.’

उजेड कसा खुपतो ते मला ठाऊक होतं. म्हणून मी दार लावलं.

सकाळी आता आभाळ कोसळणार, वसंताचं नाव बुडणार, वस्ताद त्याला तालमीतून काढणार, अशी आम्ही सगळेच वाट बघत बसलो. दादा तर ओसरीवरून हललेच नाहीत. उन्हं वर आल्यावर वस्ताद स्वतः आले. हातात रुमालात बांधलेले बदाम होते. म्हणाले, ‘आधी सांगायचं न्हाय व्हय? ताकदीच्या गड्याला हुतं असं, गर्मी चढती डोक्यात. बदाम भिजवून देत जावा. आता उन्हातली जोडच लावत न्हाय मी त्याची.’ झालं. वसंताच्या कुस्त्या चालूच राहिल्या, पुढं कितीतरी वर्षं. कुणी त्याला कमी लेखलं नाही. उलट डोकं दुखत असताना ह्यानं अणदूरचा गडी पाडला, अशी त्याचीच कीर्ती झाली. आणि गोदाकाकू हापशावर सांगत सुटली, ‘खानदानीच हाय त्यांच्यात, पोरीचंबी खरंच डोकं दुखत हुतं बघा.’ एका सकाळीत माझं नाव धुऊन निघालं. जे वाक्य टाळण्यासाठी माझं तोंड जाळलं, ते वाक्य बोलल्यावर कुणाचं काहीच, अगदी काहीच बिघडलं नाही.

दादांनी दोन दिवसांनी मला शाळेत पाठवलं. ‘जा,’ एवढंच म्हणाले. मी दप्तर घेतलं आणि परकराचा काचा मारायला लागले, तशी आत्याबाई चुलीपुढून म्हणाली, ‘शाळंत जा. पर त्यो खो-खो आता बंद.’

‘का?’

‘का म्हंजे? डोकं दुखतंय ना तुजं.’

इतके दिवस जे सोंग होतं ते आता खरं झालं होतं, आणि खरं झाल्या झाल्या ते मला बांधायच्या कामी आलं. ‘मग वसंताची तालीम का न्हाई बंद केली तुमी?’ मी विचारलं. ‘त्याचंबी दुखतंय की.’

ती भिजवलेले बदाम सोलत होती. तिनं वर बघितलंही नाही. ‘त्याचं येगळं,’ म्हणाली. ‘त्यो दुसऱ्या दिशी बरा हुतो.’

मीही दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी बरी होतच होते. ते बघायला कुणी बसलेलं नसायचं.